जुन्या घरगाडीचे विजेचे ब्रेक

मोटारीमागें जोडून न्यावयाचें चाकांवरचें घर, म्हणजे ट्रेलर, ही अमेरिकेंतील प्रवासी लोकांची मोठी आवडीची वस्तु. वॉली बायम यांची १९३६ सालची ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ ही त्यांतील एक प्रसिद्ध गाडी होय. अशा जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हां रस्त्यावर आणण्याची हौस तिकडे अनेकांस आहे. परंतु भिंती घासून चकचकीत करणें निराळें आणि उतारावर गाडी थांबविणें निराळें. म्हणून तिच्या विजेच्या ब्रेकांविषयीं आम्ही येथें थोडेंसें लिहितों.

चाकाबरोबर एक लोखंडी ड्रम फिरत असतो. त्याच्या आंत दोन अर्धचंद्राकृति ब्रेक-शू असतात व तरफेच्या टोकास एक विद्युच्चुंबक असतो. वीज सुरू होतांच चुंबक फिरत्या ड्रमास चिकटूं पाहतो व त्याबरोबर ओढला जातो. तरफ कलते, शू फांकून ड्रमास घासतात आणि चाक थांबतें. म्हणजे थांबविण्याचें पुष्कळसें बळ चाकाच्याच गतींतून मिळतें.

पूर्वीं अमेरिकन मोटारींत ६ व्होल्टची बॅटरी असे. १९५५ च्या सुमारास १२ व्होल्टची रूढ झाली. ६ व्होल्टच्या चुंबकास १२ व्होल्टची वीज दिली, तर प्रवाह दुप्पट व उष्णता चौपट होते. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, हा शुभवर्तमानांतील बोध येथें आठवतो. म्हणून चुंबक व तारा नव्याच घालाव्या. जुना नियामक मोटारीच्या ब्रेक-तेलाच्या नळीस जोडीत. आजच्या मोटारींत तसें करणें धोक्याचें असल्यामुळें, वेग मंदावल्याचें स्वतः ओळखणारा नियामक बसवितात. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यानें त्यांची धूळ कधींही फुंकून उडवूं नये.

आतां कायद्याविषयीं. तो राज्याराज्यांत भिन्न आहे. कॅलिफोर्नियांत १५०० पौंड वा अधिक वजनाच्या घरगाडीच्या निदान दोन चाकांस ब्रेक लागतात. व्यापारी वाहनांच्या केंद्रीय नियमांत याहून महत्त्वाची अट आहे: ट्रेलर मोटारीपासून सुटल्यास ब्रेक आपोआप लागून निदान १५ मिनिटें तसेच राहिले पाहिजेत. ह्याकरितां ट्रेलरवर स्वतंत्र बॅटरी व एक कळ ठेवून, कळीची खिटी तारेच्या दोरीनें मोटारीस बांधतात. ट्रेलर सुटला कीं खिटी निघते आणि बॅटरीची वीज चुंबकांस पोंचते. प्रवासापूर्वीं चाक उचलून, फिरवून व खिटी ओढून ही परीक्षा अवश्य घ्यावी.

सुटलेल्या ट्रेलरानें मालकाचें नुकसान होईल तें होवो. पण समोरून येणाऱ्या अपरिचित कुटुंबाचा काय अपराध? गाडी जुनी असल्याबद्दल कायद्याची तक्रार नाहीं. धरणारा हात सुटल्यावरहि ती स्वतः थांबावी, एवढेंच त्याचें मागणें आहे. आणि हें मागणें, आम्हांस वाटतें, विद्यार्थ्यांनींहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.