घरच्या बागेतली लाल वाइन

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे सोडून मालेगाव आणि चांदवडचा घाट मागे टाकला, की पिंपळगाव बसवंतच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. ही बहुतेक खायची द्राक्षे. वाइनच्या बागा पाहायच्या तर नाशिक ओलांडून गंगापूर धरणाकडे वळावे लागते. तिथे गुरनानी कुटुंबाने 2006 मध्ये ‘यॉर्क’ ही छोटी वायनरी उभी केली. नाव इंग्लंडमधल्या शहराचे वाटते. प्रत्यक्षात ते योगिता, रवी आणि कैलास या तीन भावंडांच्या आद्याक्षरांतून आले. कैलास गुरनानी ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला वाइननिर्मिती शिकून आले आणि घरच्या वायनरीत वाइन बनवण्याचे काम पाहू लागले. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉन या दोन काळ्या द्राक्षांची, ओकच्या पिंपात मुरवलेली ‘अरोस’ ही यॉर्कची मानाची लाल वाइन.

खान्देशातल्या वाचकाने या बाटलीकडे आधी शेतमाल म्हणून पाहावे. रावेर-यावलच्या केळीवाल्याला एकरी उतारा वाढला की आनंद होतो. वाइनच्या बागेत मात्र तो मुद्दाम कमी ठेवतात. खायच्या द्राक्षांचे एकरी दहा-बारा टन सहज निघतात. चांगल्या लाल वाइनसाठी शेतकरी तीन-चार टनांवर थांबतो. मणी लहान हवा, साल जाड हवी, कारण रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीतच असतो. पाणीसुद्धा मोजून द्यायचे. भवरलाल जैन यांनी जळगावातून ठिबक सिंचन घरोघरी पोचवले, ते पाणी वाचवून पीक वाढावे म्हणून. वाइनच्या बागेत तेच ठिबक वेलीला बेताने तहानलेली ठेवण्याच्या कामी येते.

मग हे जळगावात का होत नाही? जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, नाशिक सहाशेच्या आसपास. जानेवारीची थंडी दोन्हीकडे पडते, पण फेब्रुवारी सरता सरता तापीकाठी ऊन चटके देऊ लागते. शिराझ-कॅबर्नेला नेमके तेव्हाच सावकाश पिकायचे असते. उन्हाच्या घाईत साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि चव सपाट होते.

नाशिकची वेल युरोपातल्यासारखी बर्फात झोपत नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पावसाळा संपताना फळ छाटणी. पीक एकच घ्यायचे, तेही कोरड्या हवेत. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांची धास्ती असतेच. फळ छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला तर वर्षाची मेहनत आठवड्यात जाऊ शकते. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पहाटेच्या गारव्यात.

काळ्या द्राक्षाचा रस जवळजवळ पांढराच असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. लाली सालीतून येते, म्हणून देठ काढून फोडलेली द्राक्षे सालीसकट टाकीत आंबवतात. साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. आठवडा-दोन आठवड्यांनी रस पिळून घेतला, की दुसरी, शांत प्रक्रिया सुरू होते: हिरव्या सफरचंदात असते ते तीव्र आम्ल जीवाणू दह्यातल्या सौम्य आम्लात बदलतात. त्यानंतर पीप. 225 लिटरच्या एका पिंपातून तीनशे बाटल्या निघतात, आणि तोवर वर्षभर पैसा लाकडात अडकून पडतो.

छोट्या वायनरीला सर्वांत जड जाते ते हेच. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले आणि नाशिकमध्ये वायनऱ्या उभ्या राहिल्या. पण द्राक्ष पिकवणे आणि बाटली विकणे हे दोन वेगळे धंदे आहेत. प्रत्येक राज्याचा उत्पादन शुल्काचा कायदा निराळा, लेबलची नोंदणी निराळी, फी निराळी. जाहिरातीला बंदी. त्यामुळे बागेत आलेल्या पाहुण्याला चव देऊन तिथेच बाटली विकणे हा छोट्यांचा मोठा आधार. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्याला अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. व्यसनाची भीती खोटी नव्हती. पण त्या चर्चेत द्राक्ष पिकवणारा माणूस फार थोडा दिसला, याची खंत वाटते. त्याआधी, 2021 मध्येच यॉर्क शेजारच्या ‘सुला’ या वायनरीने विकत घेतली. इगतपुरीजवळ कावनईची ‘व्हॅलोने’ लहानच राहून मालबेकसारखे नवे वाण लावते आहे, हे त्यामुळे अधिक मोलाचे.

बाटली खान्देशात आणलीच, तर एक गोष्ट पाळावी. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. तिला सोळा ते अठरा अंश मानवतात. जळगावच्या मे महिन्यात बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर नुसता अल्कोहोल नाकात चढतो. काळ्या मसाल्याच्या झणझणीत शेवभाजीपुढे तुरट कॅबर्ने तोंड आणखी भाजते. काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला मात्र शिराझ छान लागते, कारण तिच्यातही धुराचा आणि मिऱ्याचा वास असतो. हिरवी मिरची तेवढी बेताने घालावी.