घरगुती दूरचित्रवाणीतील संकेतखंड

संकेतखंड म्हणजे दूरचित्रवाणी संच सुरू असताना चित्र किंवा आवाज काही क्षण वा काही मिनिटे नाहीसा होणे आणि पुन्हा आपोआप परत येणे. तंत्रज्ञ येईपर्यंत हा दोष बहुधा दिसेनासा होतो. परिणामी मूळ कारण न सापडता चांगले उपकरण बदलले जाते. म्हणून खंड जोडणीच्या कोणत्या भागात पडतो, हे आधी निश्चित करणे आवश्यक असते.

संकेताचा मार्ग

दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ सेवेचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. छतावरील डिश त्याच्या लहरी एकत्र करते. डिशसमोरील एलएनबी त्यांची वारंवारता कमी करून त्या केबलमार्गे सेट-टॉप बॉक्सकडे पाठवतो. त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज मिळते. बॉक्सपासून संचापर्यंत संकेत एचडीएमआय किंवा तीन रंगी पिनांच्या एव्ही केबलने जातो.

जुन्या ॲनालॉग प्रसारणात संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत. डिजिटल प्रसारणात मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ राहते आणि त्यानंतर चौकोन पडून ते एकाएकी गोठते. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसते एवढ्यावरून जोडणी निर्दोष ठरत नाही.

कारणे

* पाऊस : या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषतात व विखुरतात. पाऊस ओसरताच चित्र परत येते.
* ऊन व पाणी : चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. उन्हाने केबलचे आवरण तडकते, पावसाळ्यात आत पाणी शिरते आणि तांबे गंजते.
* डिश हलणे : वारा किंवा वानरांच्या उड्यांमुळे दिशा किंचित बदलते.
* सूर्य : मार्च व ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा दुपारपूर्वी काही मिनिटे प्रक्षेपण खंडित होते. यास दुरुस्ती लागत नाही.
* घरातील जोडणी : सैल किंवा धूळ साचलेला एचडीएमआय सॉकेट, वाकलेली केबल, विजेचा कमी-अधिक दाब.

निदान

खंड पडताच रिमोटने सेट-टॉप बॉक्सचा मेनू उघडावा. मेनू स्पष्ट दिसत असेल, तर बॉक्सपासून संचापर्यंतची जोडणी ठीक असून दोष डिश, एलएनबी किंवा त्यांच्या केबलमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. मेनूही दिसत नसेल, तर एचडीएमआय केबल, बॉक्स किंवा संच तपासावा. अशा वेळी केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावी, मग दुसरी केबल किंवा एव्ही जोडणी वापरावी. एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकत्र केल्यास नेमका दोष कळत नाही. खंडाची वेळ व त्या वेळचे हवामान वहीत नोंदवल्यास कारण लवकर उमगते.

दक्षता

उघड्यावरील केबलच्या जोडांवर जलरोधक पट्टी गुंडाळावी. बॉक्सकडे येणाऱ्या केबलला खाली वळण द्यावे, म्हणजे पाणी तेथेच ठिबकते. वादळी पाऊस येण्यापूर्वीच विजेचा प्लग काढून ठेवावा. विजा कडाडत असताना डिश नीट करण्यासाठी छतावर जाणे जिवावर बेतू शकते.