वेधशाळेचा अंदाज आणि पंचगंगेचे पाणी

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, ही थट्टा आम्हीही करतो. २००२ साली तिने देशाचा पावसाळा सरासरीच्या १०१ टक्के सांगितला, पडला ८१. तो आडाखा मागील वर्षांच्या आकड्यांवर बांधलेला होता. आता गणकयंत्रे हवेची गणितेच सोडवितात. परंतु आरंभीच्या मोजणीतली बारीक चूकही पुढे वाढत जाते, हे लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखविले. त्यातून आपला जिल्हा असा, की गगनबावड्यास कोसळत असता शिरोळात ऊन! ‘जिल्ह्यात मुसळधार’ एवढे ऐकून चिखली-आंबेवाडीकरांनी जनावरे केव्हा हलवावीत? आमच्या मते अंदाज ऐकावा, पण नजर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर ठेवावी. ३९ फुटांस इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेले होते.