फॉर्म भरता भरता ॲप बंद का पडतं? लिनक्सला 'नाही' म्हणता येत नाही, त्याची गोष्ट

नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतलाय. नाव झालं, पत्ता झाला, दहावी-बारावीचे मार्क टाकून झाले. आता फोटो हवा म्हणून कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत फॉर्मवर आलात आणि बघता तर काय, फॉर्म कोरा! ॲप पहिल्यापासून सुरू झालंय.

शिव्या बसतात त्या ॲपला, नाहीतर फोनच्या कंपनीला. पण बऱ्याचदा ते ॲप आपणहून बंद पडलेलं नसतं. त्याला बंद पाडलेलं असतं, आणि तो निर्णय फोनच्या आतच झालेला असतो.

का? तर मेमरी संपत आली होती. इथे मेमरी म्हणजे रॅम बरं का. गॅलरीतले फोटो उडवून मोकळी होते ती स्टोरेजची जागा वेगळी. रॅम म्हणजे चालू कामं मांडून बसायची जागा.

ही जागा वाटून देणाऱ्याला म्हणतात कर्नल. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स नावाचं कर्नल लिहायला घेतलं. आज अँड्रॉइड फोन त्यावर चालतात आणि इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हरही. एखाद्या ॲपला जागा हवी असली की ते कर्नलकडे मागतं. कर्नलकडे उत्तरं दोनच. 'घे' किंवा 'नाही'.

गंमत अशी, की यातलं दुसरं उत्तर देणं लिनक्सला भयंकर अवघड जातं.

पत्रिका हजार, ताटं पाचशे

लग्नघरात हजार पत्रिका वाटतात, पण ताटं पाचशेच सांगतात. कारण सगळे येत नाहीत, आणि आले तरी एकाच पंगतीला बसत नाहीत, हा अनुभव असतो.

लिनक्सचा हिशोब असाच आहे. प्रोग्रॅमने भरपूर मेमरी मागितली की ते सहसा 'दिली' म्हणून मोकळं होतं. प्रत्यक्षात तेव्हा काहीच दिलेलं नसतं. प्रोग्रॅम त्या जागेत खरोखर काही लिहायला जातो, तेव्हा तेवढाच तुकडा हातात पडतो. या तुकड्याला पेज म्हणतात. बहुतेक कॉम्प्युटरवर एक पेज ४ केबीचं असतं.

या पद्धतीला ओव्हरकमिट म्हणतात. प्रोग्रॅम मागतात खूप आणि वापरतात थोडं, त्यामुळे एरवी हे छान चालतं. विंडोजमध्ये मात्र दिलेल्या शब्दाचा हिशोब काटेकोर ठेवतात. रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढी जागा आहे, तिच्यापलीकडे शब्द दिला जात नाही.

लिनक्समध्ये अडचण येते ती सगळे पाहुणे एकदम आल्यावर. शब्द देऊन झालाय, पाहुणा पाटावर बसलाय. आता 'नाही' म्हणायची वेळच उरलेली नाही.

भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं?

अशा वेळी कर्नल आधी आवराआवर करतं. डिस्कवरून पुन्हा वाचता येईल अशी माहिती रॅममधून काढून टाकतं. कमी वापराची माहिती स्वॅपमध्ये सरकवतं. फोनमध्ये तर ती बहुधा दाबून, कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवली जाते.

एवढं करूनही भागलं नाही, तर येतो आउट ऑफ मेमरी किलर, म्हणजेच ओओएम किलर. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये असं आपल्याकडे म्हणतात. याचं कामच ते.

तो प्रत्येक प्रोग्रॅमला गुण देतो. जास्त मेमरी धरून बसलेल्याला जास्त गुण. या गुणांत उणे १००० ते अधिक १००० असा फेरफार आधीच ठरवून ठेवता येतो. उणे १००० असेल, तर त्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. बाकीच्यांत ज्याचे गुण सर्वाधिक, तो बंद.

अँड्रॉइड तर या टोकापर्यंत थांबतच नाही. मेमरी कमी पडतेय असं दिसलं की त्याचा स्वतःचा लो मेमरी किलर आधीच कामाला लागतो. समोर उघड्या असलेल्या ॲपचा आकडा शून्य असतो. ॲप मागे गेलं की आकडा चढतो, आणि नुसत्याच पडून असलेल्या ॲपचा ९०० किंवा त्याहून वर जातो. मोठ्या आकड्याचं ॲप आधी जातं.

आता तुमच्या फॉर्मचं काय झालं ते कळलं असेल. कॅमेरा उघडला, त्याने भरपूर मेमरी मागितली, आणि तेवढ्यात फॉर्मचं ॲप मागे गेलं होतं.

कर्नललाच मेमरी हवी असेल तर?

ॲपला उठवता येतं. पण मेमरी कर्नललाही लागते. फाइल उघडायची, डिस्कवर लिहायचं, नेटवरून आलेला डेटा घ्यायचा, प्रत्येक कामाला थोडी जागा हवीच. आणि कर्नल बंद पाडलं, तर अख्खं मशीनच बंद.

म्हणून कर्नलच्या प्रोग्रॅमरना पहिल्या दिवसापासून एक नियम शिकवतात. मेमरी मागितली की मिळाली का ते तपासा. मिळाली नाही, तर तोवर केलेलं सगळं उलट्या क्रमाने निस्तरा आणि 'जमलं नाही' असं कळवा.

काही ठिकाणी हे छान जमतं. नेटवरून डेटाचं पाकीट आलं आणि ठेवायला जागा नाही, तर कर्नल ते सरळ टाकून देतं. पोच मिळाली नाही की पाठवणारा ते पुन्हा पाठवतो. तुम्हाला व्हिडिओ क्षणभर अडकलेला दिसतो, बस.

२०१४ मध्ये निघालेली भानगड

डिसेंबर २०१४ मध्ये लिनक्सच्या डेव्हलपरमध्ये एक चर्चा पेटली. तेत्सुओ हांडा हे मेमरी संपल्यावर कर्नल कसं वागतं ते तपासत होते. त्यात मशीन कायमचं गोठत असल्याचं दिसलं.

झालं असं होतं. फाइल सिस्टिमचं काम करणाऱ्या एका प्रोसेसने लॉक धरून ठेवलं होतं आणि तिला थोडी मेमरी हवी होती. मेमरी नव्हती, म्हणून ती थांबली. ओओएम किलरने दुसरी प्रोसेस मारायला निवडली. पण ती दुसरी नेमकी त्याच लॉकची वाट बघत होती. लॉक मिळाल्याशिवाय तिला मरता येईना, ती मेल्याशिवाय मेमरी सुटेना, आणि मेमरी मिळाल्याशिवाय पहिली लॉक सोडेना.

साहजिक प्रश्न आला, की पहिल्या प्रोसेसला 'मेमरी नाही' असं कर्नलने सांगितलं का नाही?

तर कर्नल तसं सांगतच नव्हतं. आठ पेजपर्यंतची, म्हणजे साधारण ३२ केबीपर्यंतची नेहमीची मागणी असेल, तर ते नकार न देता प्रयत्न करतच राहायचं. मागणारी प्रोसेसच ओओएम किलरच्या तावडीत सापडली, तरच अपवाद. नकार गृहीत धरून वर्षानुवर्षं कोड लिहिणाऱ्या काही जुन्या जाणत्या डेव्हलपरनाही हे नवीन होतं.

मग 'नाही' म्हणून टाकायचं की!

इतकं सोपं नव्हतं. नकार आल्यावर काय करायचं, हे सांगणारा कोड कर्नलमध्ये जागोजागी लिहिलेला होता. पण नकार कधी आलाच नाही, म्हणून तो कोड कधी चाललाच नाही. आगीच्या वेळी उतरायचा जिना इमारतीला आहे, पण दार एकदाही उघडून बघितलेलं नाही, अशातली गत. अचानक नकार सुरू केला असता तर इतकी वर्षं दडलेल्या चुका एकदम बाहेर पडल्या असत्या.

शिवाय काही कामं अर्ध्यातून मागे घेताच येत नाहीत. एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये बदल करायला एकदा सुरुवात झाली की ते पुरेच करावे लागतात. मध्येच नकार आला, तर अख्खी फाइल सिस्टिम बंद करण्यावाचून मार्ग उरत नाही. सर्व्हरवर हे झालं की त्यावरचं सगळं काम ठप्प.

तोडगा काय निघाला?

एकच जादूची कांडी सापडली नाही. अनेक छोटे उपाय मिळून काम भागवतात.

पहिला, २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.६ आवृत्तीत ओओएम रीपर आला. मारायला निवडलेली प्रोसेस अडकून पडली, तरी तिच्या मरणाची वाट न बघता तिची बरीचशी मेमरी तो काढून घेतो. वरचा तिढा सुटतो तो इथे.

दुसरा, राखीव साठा. डिस्कवर लिहिण्यासारख्या कामांसाठी थोडी मेमरी आधीच बाजूला काढून ठेवतात. कारण मेमरी मोकळी करायला डिस्कवर लिहावं लागतं, आणि लिहायलाही मेमरी लागते.

तिसरा, रंगीत तालीम. कर्नलमध्ये २००७ पासून अशी सोय आहे, की मेमरी असतानाही मुद्दाम खोटा नकार द्यायचा आणि कोड सावरतो का ते बघायचं. बंद जिन्याचं दार उघडून बघण्याचा हाच मार्ग.

२०२१ मध्ये कर्नलमध्ये रस्ट ही भाषा आणायचा प्रस्ताव आला, तेव्हाही गाडी इथेच अडली. रस्टच्या नेहमीच्या पद्धतीत मेमरी मिळाली नाही, तर प्रोग्रॅम तिथेच आटोपतो. कर्नलमध्ये हे चालणार नाही, असं टोरवाल्ड्स यांनी स्पष्ट सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ आवृत्तीत रस्ट आलं, ते नकार पचवायची सोय करूनच.

म्हणजे रोजच्या कामात नकार जवळपास कधीच येत नाही. पण आलाच, तर सावरायची तयारी हवीच, हा नियम कर्नलने सोडलेला नाही.

तुमच्या फॉर्मचं काय?

नियम तोच. ॲप कधीही उठवलं जाऊ शकतं हे धरून चालायचं. चांगलं ॲप मागे जाता जाता भरलेली माहिती जपून ठेवतं, आणि पुन्हा उघडल्यावर जिथल्या तिथे दाखवतं. सगळीच ॲप तसं करत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी फोटो, सही आणि मार्कशीट आधी काढून फोनमध्ये ठेवा, बाकीची ॲप बंद करा, आणि मगच फॉर्म उघडा. तो भरून होईपर्यंत कॅमेऱ्याकडे जायची वेळच येऊ देऊ नका.