सतारीची झीज : पडदे आणि जवारी

गवसणी घालून दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत उभी असलेली सतार सुशिक्षित कुटुंबांत अपरिचित नाहीं. ती घरीं आली त्या वर्षीं तिचा नाद घरभर घुमत असतो. परंतु चार-पांच वर्षांच्या रियाजानंतर तीच सतार बद्द वाजूं लागते, किंवा एखाद्या पडद्यावर करकरूं लागते. तारा बदलून पाहिल्या तरी फरक पडत नाहीं. मग 'वाद्य बिघडलें' असा निकाल दिला जातो, आणि तें माळ्यावर तरी जातें किंवा पडेल त्या किंमतीस विकलें तरी जातें. वस्तुतः पुष्कळदां तें बिघडलेलें नसतें. केवळ झिजलेलें असतें. बिघाड आणि झीज यांतील भेद ज्याला कळला, त्याचें वाद्य पुढील पिढीच्या हातीं सुखरूप पडतें.

सतार मुख्यतः दोन ठिकाणीं झिजते. पहिलें ठिकाण म्हणजे पडदे. गिटारचे पडदे दांडीच्या लांकडांत पक्के बसविलेले असतात. सतारीचे एकोणीस-वीस कमानदार पडदे दोऱ्यानें बांधलेले असल्यामुळें रागाप्रमाणें सरकवितां येतात. परंतु झिजण्याचें कारण दोहोंकडे एकच आहे. तार पोलादाची आणि पडदा पितळेसारख्या तिच्याहून मऊ धातूचा. मींड घेतांना बाजाची तार एकाच पडद्यावर चार-पांच स्वरांपर्यंत आडवी ओढली जाते, आणि या रोजच्या घर्षणानें पडद्यांत बारीक चर पडतात. मग मींड त्या चरांत अडखळते. शिवाय पडद्याची उंची त्या जागीं घटल्यामुळें दाबलेली तार पुढच्या पडद्यास चाटून करकर उमटते.

दुसरें ठिकाण घोडी. भोपळ्यावरील तबलीवर बसविलेल्या या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच टेकते व सुटते, आणि त्यांतूनच सतारीचा व तंबोऱ्याचा तो भरदार झंकार निर्माण होतो. यालाच जवारी म्हणतात. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्यांची गांठ पडते ते उपस्वर उमटत नाहींत, असा पाश्चात्य ध्वनिशास्त्राचा नियम होता. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें कीं, वीणा व तंबोरा या वाद्यांत तेही उपस्वर स्पष्ट ऐकूं येतात, आणि याचें कारण घोडीच्या या विशिष्ट घडणींत आहे. वर्षानुवर्षांच्या वादनानें तार या माथ्यावरही खांच पाडते. खांचेंत अडकलेली तार उतारावर मोकळेपणीं खेळूं शकत नाहीं, आणि नाद बद्द होतो.

दोष कोणत्या ठिकाणीं आहे हें घरच्या घरीं ओळखतां येतें. प्रथम तारा नव्या चढवाव्या व पडद्यांचे दोरे सैल झालेले नाहींत हें पाहावें. नंतर मोकळी तार छेडावी. ती चांगली वाजून ठराविक पडद्यांवरच करकर येत असेल, तर दोष बहुधा पडद्यांचा. मोकळी तारही बद्द वाजत असेल, तर दोष जवारीचा समजावा.

वादन संपल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसणें हा झीज लांबविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. घामानें गंजलेली तार कानशीसारखी पडद्यास खाते. पडद्यावरील पुसट चर अत्यंत बारीक काचकागदानें पडद्याच्या लांबीच्या दिशेनें हलक्या हातानें घासून नाहींसा करतां येतो. खोल चराच्या वाटेस मात्र घरीं जाऊं नये. एक पडदा खालीं गेला कीं त्याचा शेजाऱ्यांशीं असलेला मेळ बिघडतो. असा पडदा दोरा सोडून बदलून घेणें हेंच श्रेयस्कर. सतारींत तें फारसें कठीणही नाहीं.

जवारीला तर घरीं कानस लावूंच नये. मिरजेंत एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें. तेथें पुढें स्थायिक झालेले खांसाहेब अब्दुल करीम खां यांचाही जवारीविषयीं लौकिक होता. जवारी काढणारा कारागीर तार बाजूस सारतो, माथा किंचित् घासतो, तार पुन्हां चढवून ऐकतो, आणि पुन्हां घासतो. हात कानशीवर असला तरी खरें काम कान करतो.

त्याच्याकडे जातांना आपल्याला कोणता नाद हवा हें सांगतां आलें पाहिजे. पंडित रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, झंकाराची होती. उस्ताद विलायत खां यांची बंद, गोल व संयत होती. दोन्ही उत्तमच, पण नुसतें 'चांगली करा' म्हटल्यानें कारागिरास कांहींच कळत नाहीं.

घासून गेलेलें द्रव्य परत येत नाहीं, हेंही विसरूं नये. प्रत्येक जवारीगणिक घोडी थोडी खालावते, आणि एक दिवस ती बदलावीच लागते. पूर्वीं तिच्यासाठीं हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांतील पुढील दुरुस्त्यांनीं तो मार्ग बंद झाला. आतां उंटाचें हाड, आबनूस किंवा कृत्रिम द्रव्यें वापरतात. म्हणून दुरुस्ती वेळेवर करावी, पण गरजेपुरतीच करावी.

पडद्यांवरील चर हा वाद्याचा कलंक नव्हे. तो रियाजाचा पुरावा आहे. न झिजलेली सतार म्हणजे बहुधा न वाजविलेली सतार. तेव्हां बद्द झालेलें वाद्य माळ्यावर चढविण्यापूर्वीं त्याची मोकळी तार एकदां छेडून लक्षपूर्वक ऐकावी. आपलें काय झिजलें आहे, हें तें वाद्य स्वतःच सांगेल.