बाळाची सकाळ : घड्याळ बाजूला ठेवा, क्रम धरा

सकाळचे साडेसहा. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीतल्या घरात डोकावून बघा. आज पाण्याचा दिवस म्हणून एकजण पाइप धरून उभा, गॅसवर एकीकडं चहा आणि दुसरीकडं डब्याची भाजी, उद्यमबागेत पहिल्या पाळीला जाणारा मोज्याचा दुसरा पाय शोधतोय, मोठ्या मुलाची शाळेची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवतेय. या सगळ्यात तीन-चार महिन्यांचं बाळ जागं होतं आणि रडायला लागतं.

न्हाऊ घालणाऱ्या मावशी साडेसातला येणार. त्यांना पुढं अजून तीन घरं असतात, त्यामुळं त्यांची वेळ चुकवून चालत नाही. मग बाळ झोपलेलं असेल तर उठवायचं, भुकेलं असेल तर "आता आंघोळ झाल्यावरच पाज" म्हणून थांबवायचं. आंघोळीत बाळ किंचाळतं, बाहेर आईचा जीव कासावीस होतो आणि आजी म्हणतात, "रडू दे गं, छाती मोकळी होते." दहा वाजता दमून झोपलेलं बाळ अर्ध्या तासात परत उठतं. आठवडाभर असं चाललं की घरात एक वाक्य रूढ होतं : आमचं बाळ भारी किरकिरं आहे.

बऱ्याचदा बाळ किरकिरं नसतंच. त्याची सकाळ पाण्याच्या, रिक्षाच्या आणि मावशींच्या वेळेवर बेतलेली असते, त्याच्या भुकेवर आणि झोपेवर नाही.

पहिले तीन महिने वेळापत्रक विसरा

मोबाईलवर हल्ली तयार तक्ते मिळतात. 6 ला उठणे, सव्वासहाला दूध, 7 ला मालिश. नव्या आया ते मनापासून पाळायला जातात आणि चौथ्या दिवशी रडकुंडीला येतात. कारण साधं आहे. नवजात बाळाला दिवस आणि रात्र वेगळी कळतच नाही. ते चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी, आणि 8 ते 12 वेळा पितं. शरीरातलं घड्याळ जुळायला दोन ते चार महिन्यांच्या आसपास सुरुवात होते. त्याआधी तक्ता चालत नाही, त्यात आईची चूक काही नाही.

या काळात करण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती फुकट आहे : उजेड. सकाळी एक ठरावीक वेळ धरून, समजा सात वाजता, खिडकी उघडायची, पडदा सारायचा, बाळाशी नेहमीच्या आवाजात बोलायचं. रात्री उलट करायचं. दिवा मंद, बोलणं कमी, दूध पाजून, गरज असेल तर लंगोट बदलून परत झोपवायचं. रात्री दोन वाजता बाळ हसलं म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढले, तर त्याला वाटणार हीच खेळायची वेळ.

इथं एक गैरसमज दूर करायला पाहिजे. सकाळच्या कोवळ्या उन्हात बाळाला धरलं की व्हिटॅमिन डी मिळतं, असं घरोघरी सांगतात. सूर्य खाली असताना त्यासाठी लागणारे किरण फारच कमी पोचतात. म्हणून तर बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात रोज 400 युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब द्यायला सांगतात. कोवळं ऊन वाईट नाही, दिवस-रात्र कळायला त्याचा उपयोगच आहे, पण थेंबांच्या बदल्यात नाही. आणि बाळ पिवळं दिसत असेल तर उन्हात धरत बसू नये, दवाखान्यात दाखवावं.

मग क्रम म्हणजे काय?

तीन-चार महिन्यांनंतर बाळाला किती वाजले हे कळत नसलं तरी कशानंतर काय येतं हे कळायला लागतं. आधी उजेड, मग दूध, मग थोडी गंमत, मग आंघोळ, मग पुन्हा थोडं दूध आणि झोप. रोज याच ओळीनं घडलं की पुढं काय येणार याचा त्याला अंदाज बसतो, आणि अंदाज बसला की रडणं कमी होतं. सात ऐवजी कधी सव्वासात झाले, काही बिघडत नाही. क्रम उलटा-पालटा झाला की मात्र बिघडतं.

दुसरं लक्षात ठेवायचं ते बाळाचं जागं राहण्याचं बळ. दोन-तीन महिन्यांचं बाळ साधारण तास-सव्वातास नीट जागं राहू शकतं, पाच-सहा महिन्यांचं दोन तासांच्या आसपास. त्यापुढं ताणलं की ते दमतं आणि दमलेलं बाळ झोपत नाही, रडतं. म्हणजे सातला उठलेलं तीन महिन्यांचं बाळ सव्वाआठला डोळे चोळणार. मालिश, आंघोळ, कपडे, काय ते यात बसवायचं. आकडे तंतोतंत धरू नका, प्रत्येक बाळ वेगळं. जांभई, कान ओढणं, नजर शून्यात जाणं या खुणा जास्त खऱ्या.

भुकेच्याही खुणा असतात. तोंड इकडंतिकडं वळवणं, मूठ तोंडात घालणं, ओठ चाटणं. रडणं ही शेवटची खूण. रडायला लागल्यावर पाजायला घेतलं तर बाळ नीट ओढत नाही, वारा गिळतं आणि मग पोट धरून अजून रडतं. सकाळी पहिलं दूध या खुणांवर द्यायचं, घरातल्या चहाच्या आधी. चहा पाच मिनिटं थांबतो.

आंघोळीवरून होणारी भांडणं

सकाळचा खरा तिढा आंघोळीत असतो, म्हणून तिथं जरा थांबूया.

आपल्याकडची तेल लावून न्हाऊ घालायची पद्धत चांगलीच आहे. हलक्या हातानं चोळलं तर बाळाला ते आवडतं आणि नंतर झोप गाढ लागते. अडचण मालिशीत नाही, वेळेत आणि जोरात आहे. पोटभर पाजल्यावर लगेच पालथं घालून चोळलं तर बाळ ओकतं. उपाशी ठेवून चोळलं तर रडतं. पाजल्यावर अर्धा-पाऊण तास गेला की मालिश, हे साधं गणित मावशींशी आधीच बोलून ठेवावं. "मावशी, आमच्याकडं तुम्ही पहिल्या घराऐवजी दुसऱ्या घरी या की," एवढं सांगितलं तरी बऱ्याचदा जमतं. आणि नसेलच जमत, तर रोज आंघोळ घातलीच पाहिजे असा काही नियम नाही. जुलै-ऑगस्टच्या धो-धो पावसात, डिसेंबर-जानेवारीच्या आपल्याकडच्या थंडीत एक दिवसाआड ओल्या फडक्यानं मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्या पुसून घेतल्या तरी बाळ स्वच्छ राहतं. वजन कमी असलेल्या बाळाची आंघोळ तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.

पाणी कोमट हवं, कोपर बुडवून बघावं. बंबातलं कढत पाणी सोसेल तेवढं अंगावर ओतायची सवय बाळंतिणीसाठी असेल, बाळासाठी नको. त्याची कातडी पातळ असते. खोबरेल तेल चांगलं. कानात, नाकात तेल सोडू नये. नाकातलं तेल छातीत उतरू शकतं. टाळूवर तेल थापून ती "भरून" येत नाही, ती आपल्या वेळेनं भरते.

आता धुरी. शेगडीवर ओवा, वेखंड, धूप टाकून बाळाला धुरावर धरायचं, हे अजूनही सर्रास चालतं. त्यामागची माया खरी आहे. पण धूर तो धूरच. बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात, खोकला आणि छातीत घरघर यानंच वाढते. पावसाळ्यात तर दार-खिडक्या बंद असतात, आणि बंद खोलीत पेटलेल्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेऊ शकतो. ऊबच द्यायची तर कोरडं करून टोपडं घालून आईच्या छातीशी धरावं. पावडरचा फुगा मारणं, डोळ्यांत काजळ घालणं हेही सोडलेलं बरं. काजळात शिसं सापडलेलं आहे. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही निघते म्हणतात.

आणि गुटी. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको, उन्हाळ्यातही नको. डॉक्टरांनी दिलेले थेंब-औषधं तेवढी चालतात. गुटीत मध असेल तर ती वर्षाच्या आत द्यायचीच नाही. मधातून लहान बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

हे सगळं सासूबाईंना किंवा आईला सांगायचं कोणी? नव्या बाळंतिणीनं सांगितलं की तो उद्धटपणा ठरतो. हे काम बाळाच्या बापानं करावं असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर लसीच्या दिवशी आजींनाच सोबत न्यावं आणि डॉक्टरांसमोर विचारावं. आपल्या भागात तर याला आणखी एक कारण आहे. सरकारी दवाखान्यातल्या तायी कार्डावरची माहिती कन्नडात असते, घरच्या आजींना ती वाचता येत नाही. आशा किंवा नर्सबाई मराठीत दोन वाक्यं बोलल्या तरी त्यांचं ऐकतात, कागदाचं ऐकत नाहीत.

आई कामावर जाणार असेल तर

2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. कामावर परतल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचा हक्कही आहे आणि 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय करायची आहे. हे हक्क फार थोड्या बायकांना माहीत असतात. मागावर बसणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, शेतात भांगलायला जाणाऱ्या आयांपर्यंत तर ते पोचतच नाहीत. त्या दीड-दोन महिन्यांतच परत कामाला लागतात. शांत सकाळ वगैरे त्यांच्यासाठी लेखातलीच गोष्ट वाटेल. तरी पुढचं त्यांनाही उपयोगी पडेल.

कामाचा पहिला दिवस हा बाळाचा पहिला दिवस असू नये. निदान दहा दिवस आधीपासून नवा क्रम सुरू करायचा. आई घरात असतानाच दिवसातलं एक दूध आजीनं किंवा बापानं वाटी-चमच्यानं पाजून बघायचं. आई समोर असली तर बाळ चमचा घेत नाही, म्हणून तिनं तेवढा वेळ शेजारी जाऊन यावं. काढलेलं दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात बाहेर 4 तासांपर्यंत ठेवावं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात नाही तर आत मागच्या बाजूला ठेवून 24 तासांत संपवावं. ते गॅसवर उकळायचं नाही, गरम पाण्यात वाटी धरून कोमट करायचं. निघण्याआधी घाईत नाही, शांत बसून एकदा अंगावर पाजायचं, आणि दारातून निघताना बाळाला सांगून निघायचं. चोरून सटकलं तर रडं टळत नाही, संध्याकाळी मात्र बाळ कडेवरून उतरत नाही.

सहा महिन्यांनंतर सकाळीच नाचणीचं सत्त्व किंवा मऊ भात भरवायची घाई करू नका. आधी दूध, मग तासाभरानं दोन-तीन चमचे. बाटलीत पातळ करून नको, वाटीतून घट्टसर.

सकाळचं निम्मं काम आदल्या रात्री होतं. लंगोट, झबलं, दुपटं, तेलाची वाटी एका टोपलीत. आईचा नाश्ताही रात्रीच ठरलेला हवा. पाजणारी बाई साडेदहापर्यंत नुसत्या चहावर राहते हे आपल्याकडं इतकं नेहमीचं झालंय की कुणाला खटकतही नाही. पहिलं पाजणं झालं की तिच्या हातात खायला काहीतरी आणि पाण्याचा तांब्या आला पाहिजे. उठून आणायला न लावता.

रडं थांबत नसेल तेव्हा

काही सकाळी सगळं करूनही बाळ रडतं. पोटभर आहे, कोरडं आहे, ताप नाही, तरी रडतं. अशा वेळी राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. त्यात पाप नाही. बाळाला जोरानं हलवणं मात्र कधीच नाही; त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही आईला सकाळ नकोशी वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत नंबरवर फोन लावा. तिथं भाषा निवडता येते.

लसीचा दिवस वेगळा धरावा. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसींनंतर एक-दोन दिवस अंग गरम राहू शकतं, बाळ सारखं अंगावर मागतं. त्या दिवशी क्रम सोडून द्यायचा, मागेल तेव्हा पाजायचं, तापाचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच. दात येताना, माहेरी जाऊन आल्यावर असंच होतं. दोन-तीन दिवसांत बाळ परत ओळीवर येतं. अशा दिवशी मालिश नको. मावशींना आदल्या रात्रीच फोन करून सांगावं, उद्या येऊ नका म्हणून. त्यांचे त्या दिवसाचे पैसे मात्र कापू नयेत.