फोनमधलं वाचनालय बंद पडलं तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मे २०२३ मधली गोष्ट. सकाळी सकाळी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "काका, आपला सर्व्हर फुगलाय!"

सर्व्हर बंद पडतो, मंदावतो, अडकून बसतो, हे आपण ऐकलेलं असतं. तो फुगतो म्हणजे काय, यासाठी थोडं मागून सांगायला हवं.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात सहा हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. संगणक होता, तो विजेच्या लपंडावात जळाला. नवा घ्यायला पैसे नव्हते. गावातलीच एक मुलगी तेव्हा संगणकशास्त्र शिकत होती. तिनं २०१९ मध्ये आपला जुना अँड्रॉइड फोन आणून दिला आणि त्याचाच सर्व्हर केला. कपाटावर, राउटरशेजारी, तो फोन कायम चार्जरला लावलेला असे. वाचकांनी आपला फोन वाचनालयाच्या वायफायला जोडायचा, एक पत्ता टाकायचा, की कोणतं पुस्तक कपाटात आहे आणि कोणतं कुणी नेलंय ते दिसायचं. बाई देवघेवीची नोंदही तिथंच करत. त्यासाठी इंटरनेट लागत नव्हतं, सगळा कारभार चार भिंतींच्या आत. चार वर्षं अखंड चार्जरवर राहून त्या फोनची बॅटरी फुगली होती आणि मागचं झाकण वर उचललं गेलं होतं.

फोनवर सर्व्हर चालतो याचं पुष्कळांना नवल वाटतं. वास्तविक ही कल्पना जुनी आहे. अपाची हा जगभर वापरला जाणारा वेब सर्व्हर १९९५ मध्ये आला, आणि २००६ मध्येच नोकियाच्या संशोधकांनी तो सिम्बियन फोनवर चालवून दाखवला होता. अँड्रॉइडच्या मुळाशी तर लिनक्सचाच गाभा आहे. टर्मक्स नावाचं एक अ‍ॅप घेतलं की फोनच्या पडद्यावर काळी खिडकी उघडते आणि लिनक्सच्या आज्ञा टाइप करता येतात. त्यातून हवे ते सुटे भाग बसवायचे. आमच्याकडे ते तीन होते. वाचकाची मागणी घेणारा आणि पान पाठवणारा अपाची, ते पान तयार करणारी पीएचपी, आणि नोंदी सांभाळणारी मारियाडीबी. त्यातला अपाची स्वतःच पुन्हा सुट्या भागांचा. त्याचा गाभा लहान, बाकीची कामं मॉड्यूल करतात. कोणतं मॉड्यूल लावायचं ते एका मांडणीच्या फाइलमध्ये ओळीओळीनं लिहिलेलं असतं.

मी काही संगणकाचा माणूस नव्हे. माझी नोकरी दूरध्वनी केंद्रातली. १९८० च्या दशकात सी-डॉटनं खेड्यांसाठी १२८ लाइनींचं एक्स्चेंज तयार केलं, वातानुकूलनाशिवाय चालणारं. त्यात कामाप्रमाणे वेगवेगळी कार्डं खोबणीत बसवलेली असत. आम्ही नवखे होतो तेव्हा बिघाड झाला की कार्डंच बदलत सुटायचो. आमचे वरिष्ठ म्हणायचे, "कार्डाला दोष देण्याआधी ते नीट बसलंय का बघ. आणि एका वेळी एकच गोष्ट हलव." बहुतेक वेळा कार्ड चांगलंच निघायचं. ती सवय वाचनालयात कामाला आली, म्हणून हे सांगतो.

पहिला प्रश्न सर्व्हरचा नव्हताच, नोंदींचा होता. चार वर्षांची देवघेव, सभासदांची यादी, सगळं त्या फुगलेल्या फोनमध्ये. दुसरी प्रत कुठंही नाही. बाईंनी शहाणपणानं चार्जर काढून ठेवला होता. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. फोनमध्ये २३ टक्के चार्ज उरला होता, आणि जे काढायचं ते तेवढ्यात. बाईंच्या भाच्यानं सुचवलं, "टर्मक्स काढून पुन्हा टाकू या, म्हणजे सगळं ताजं होईल." मी त्याचा हात धरला, कारण अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅपची स्वतःची बंद खोली असते. अपाची, पीएचपी, मारियाडीबी आणि सगळ्या नोंदी टर्मक्सच्या खोलीत होत्या. अ‍ॅप काढलं की खोलीच पाडली जाते, आतल्या सामानासकट.

फरशीवर फोन ठेवून आम्ही मारियाडीबीला सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये उतरवायला सांगितलं. त्यासाठी एक तयार आज्ञा आहे. चालू डेटाबेसच्या मूळ फायली तशाच उचलून नेणं धोक्याचं. मध्येच काही लिहिलं जात असेल तर प्रत अर्धवट निघते. उतरवलेल्या फाइलच्या अगदी शेवटी काम पूर्ण झाल्याची ओळ येते. ती दिसल्याशिवाय मी पुढं जाऊ दिलं नाही. मग ती फाइल ब्लूटूथनं बाईंच्या फोनवर गेली. दोन एमबीचीसुद्धा नव्हती. चार वर्षांचं वाचनालय एका छायाचित्राएवढ्या जागेत! फोन बंद केला तेव्हा ११ टक्के उरले होते.

आता नवा फोन. एका सभासदानं अँड्रॉइड १२ असलेला एक फोन दिला. टर्मक्स आम्ही एफ-ड्रॉइडवरून घेतलं, आणि त्या मुलीनं २०१९ मध्ये लिहून दिलेली वही उघडून तिच्याप्रमाणे एकेक आज्ञा टाइप करायला बसलो. खरी मौज इथून सुरू झाली.

अपाची सुरूच होईना. संदेश असा, की पीएचपी ७ च्या मॉड्यूलची फाइल सापडत नाही. भाचा म्हणाला, पीएचपी नीट बसली नाही. पण नुसती पीएचपी चालवून पाहिली तर ती ठणठणीत. वहीतली ओळ मात्र जुनी झाली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८ आली, तेव्हा अपाचीसाठीच्या मॉड्यूलच्या नावातला आकडा काढून टाकला गेला. आम्ही आकड्यासकट नाव पुकारत होतो आणि त्या नावाचं घरात कुणी नव्हतं. ओळ दुरुस्त केली.

आता दुसरा संदेश. पीएचपी म्हणते, अपाची धाग्यांवर चालतोय आणि मी धाग्यांसाठी बनवलेली नाही. इथं जरा थांबतो, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ यात आहे. एकाच वेळी दहा वाचकांची मागणी आली तर अपाची ती दोन तऱ्हांनी वाटून घेऊ शकतो. एक तऱ्हा म्हणजे एकाच स्वयंपाकघरात अनेक हात. भांडी सामाईक, जागा सामाईक. हे धागे, आणि त्या मॉड्यूलचं नाव वर्कर. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रत्येक स्वयंपाक्याला स्वतंत्र चूल आणि स्वतंत्र भांडी. या स्वतंत्र प्रोसेस, आणि त्या मॉड्यूलचं नाव प्रीफोर्क. आमच्या पीएचपीला सामाईक भांडी चालत नव्हती. अपाची चांगला, पीएचपी चांगली, वर्करही चांगला, पण तिघांचं एकत्र जमत नव्हतं.

वर्करची ओळ बंद करून प्रीफोर्कची उघडायची, एवढंच काम. मी घाईत दुसरी उघडली आणि पहिली बंद करायला विसरलो. ताबडतोब संदेश आला, की एकापेक्षा जास्त वाटप-मॉड्यूल लावली आहेत. इतकं स्पष्ट सांगणारं यंत्र मला नोकरीत क्वचितच भेटलं. मांडणीची फाइल बदलली की अपाची सुरू करण्याआधी ती तपासून घेणारी एक आज्ञा असते. ती वापरायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

अपाची सुरू झाला. पान उघडलं, तर पडद्यावर यादीऐवजी पीएचपीचा कच्चा मजकूर, डेटाबेसच्या पासवर्डसह! मॉड्यूल बसलं होतं, पण कोणत्या फायली त्याच्याकडे सोपवायच्या हे अपाचीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी वेगळ्या दोनतीन ओळी लागतात. त्या टाकल्या आणि पासवर्डही बदलला.

मग पान म्हणालं, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. या संदेशानं आमची एक अख्खी दुपार खाल्ली. आम्ही पुस्तकांच्या यादीची फाइल शोधत होतो, आणि ती तर जागेवर होती. संध्याकाळी त्या मुलीला पुण्याला फोन लावला. ती हसली आणि म्हणाली, "काका, डेटाबेसचा पत्ता काय लिहिलाय? लोकलहोस्ट? त्याच्याऐवजी १२७.०.०.१ लिहून बघा." लगेच चाललं. दोन्हींचा अर्थ एकच, 'हेच यंत्र', असं मी समजत होतो. पण लोकलहोस्ट लिहिलं की पीएचपी नेटवर्कच्या वाटेनं जात नाही. ती सॉकेट नावाची एक खास फाइल ठरलेल्या जागी शोधते. अँड्रॉइडवर फोल्डरांची रचना नेहमीच्या लिनक्ससारखी नाही, त्यामुळे ती जागा चुकते. सापडत नव्हती ती ही फाइल. आकड्यांचा पत्ता दिला की ती सरळ नेटवर्कच्या वाटेनं जाते. संदेश खरा होता, आम्ही तो चुकीच्या फाइलबद्दल वाचला. आणि हो, मारियाडीबी मुळात चालूच नसेल तरीही लोकलहोस्टवर हाच संदेश येतो. तेव्हा आधी ती जिवंत आहे का पाहावं.

नोंदी नव्या फोनमध्ये भरल्या, एकूण पुस्तकांचा आकडा जुन्याशी जुळवला, देवनागरी नावं प्रश्नचिन्हांत बदललेली नाहीत ना ते पाहिलं. बाईंनी पेढे आणले.

पेढे शनिवारपर्यंतच टिकले. शनिवारी संध्याकाळी वाचनालयात गर्दी असते. नेमकं तेव्हाच सगळं बंद. टर्मक्सच्या खिडकीत एकच ओळ: प्रोसेस संपली, सिग्नल ९. पुन्हा सुरू केलं, अर्ध्या तासात पुन्हा तेच. रविवारी, सोमवारी मात्र सुरळीत. भाच्याचं मत, फोनच कमकुवत आहे. मी अपाचीची चुकांची नोंदवही उघडली. शेवटच्या ओळी होत्या, एक मूल-प्रोसेस सिग्नल ९ नं मेली, मग दुसरी. पुढं काहीच नाही. सिग्नल ९ म्हणजे लिनक्समधला असा हुकूम, की ज्याला तो मिळतो त्याला शेवटचा शब्दही लिहायला उसंत मिळत नाही. म्हणजे हा अपाचीचा स्वतःचा आजार नव्हता, त्याला बाहेरून कुणीतरी थांबवत होतं.

तो थांबवणारा म्हणजे अँड्रॉइडच. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून एक नियम लागू झाला. अ‍ॅपनी पोटात जन्माला घातलेल्या प्रोसेस सगळ्या अ‍ॅपच्या मिळून ३२ च्या वर गेल्या की जादा प्रोसेस मारायच्या. बॅटरी आणि मेमरी वाचवायला हा नियम आहे, आणि फोन म्हणून पाहिलं तर तो योग्यच आहे. पण आम्ही पीएचपीच्या सोयीसाठी प्रीफोर्क घेतला होता. म्हणजे जितके वाचक, तितक्या चुली. शिवाय वाचक पान पाहून झाल्यावरही काही क्षण त्याची चूल त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते. शनिवारी पंधरा-वीस जण एकदम आले की एकेकाच्या फोनवरून दोन-तीन जोडण्या, आणि बत्तिसाची रेघ केव्हाच ओलांडलेली. आठवड्याच्या सुरुवातीला केलेली दुरुस्ती शनिवारी अंगावर आली होती.

उपाय साधा निघाला. प्रीफोर्कला सांगितलं, सुरुवातीला दोनच चुली पेटव आणि कितीही गर्दी झाली तरी आठाच्या वर जाऊ नकोस. चूल राखून ठेवण्याची सवय बंद केली. नववा वाचक क्षणभर रांगेत थांबतो, त्याला ते कळतही नाही. अँड्रॉइड १४ मध्ये हा नियमच शिथिल करायचं बटण डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आहे. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

पडदा विझला की सर्व्हर पेंगतो, ही तक्रार मात्र वेगळी. ती २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासूनची आहे. त्यासाठी टर्मक्सला जागं राहायची परवानगी द्यावी लागते आणि त्याला बॅटरी-बचतीतून वगळावं लागतं. मेलेला आणि झोपलेला यांतला फरक ओळखायची माझी युक्ती सोपी आहे. पडदा उजळल्यावर चालू झाला तर झोपला होता. आणि सर्व्हरच्या फोनवर पान दिसतं पण वाचकांच्या फोनवर दिसत नाही, तेव्हा फोनला हात लावू नये, राउटरकडे बघावं.

वाचनालयात आता नवी वही आहे, बाईंच्या अक्षरातली. प्रत्येक बदलासमोर तारीख आणि त्याआधी ती ओळ काय होती ते लिहिलेलं. दर शनिवारी, कुलूप लावण्यापूर्वी, नोंदींची फाइल बाईंच्या फोनवर जाते. जुना फोन ई-कचऱ्यात दिला. नव्याचा चार्जर टायमरच्या सॉकेटला लावलाय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, की आपोआप बंद.